शिंग, चंद्र आणि फिकट लाल वाईन : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात थंड हवेतल्या बायोडायनॅमिक रेड वाईनवर दीड पान काय लिहिलं, पत्रांचा ढीग लागला. निम्म्यांना गाईच्या शिंगाचं हसू आलंय, काहींना मी अंधश्रद्धा पसरवते म्हणून राग आलाय, आणि काहींना फक्त एवढंच विचारायचंय की बाटली फ्रीजमध्ये ठेवायची की नाही. आधीच सांगते, मी शास्त्रज्ञ नाही. न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोमध्ये एका बायोडायनॅमिक द्राक्षबागेत एक अख्खा सीझन हाताखालची म्हणून राबलेय, त्यामुळे बरंचसं तिथे डोळ्यांनी पाहिलेलं आणि थोडं नंतर वाचलेलं. काही पत्रं लांब होती, ती कापलीत, राग मानू नका.

ताई, बायोडायनॅमिक म्हणजे ऑरगॅनिकच ना? नाव बदलून दर वाढवायचा प्रकार वाटतो.

ऑरगॅनिक तर आहेच, पण त्याच्यावर आणखी एक मजला चढवलाय आणि तो मजला जरा विचित्र आहे. रासायनिक खत नाही, तणनाशक नाही, फवारणीची ठरावीक औषधं नाहीत, इथपर्यंत दोन्ही सारखंच. पुढे रुडॉल्फ स्टायनर येतो. ऑस्ट्रियाचा विचारवंत, शेतकरी अजिबात नाही. जून 1924 मध्ये कोबरविट्झला (तेव्हा जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये आहे) त्याने शेतीवर आठ व्याख्यानं दिली आणि पुढच्या मार्चमध्ये गेला पण. शेत म्हणजे एक जिवंत शरीर, बाहेरून काही आणायचं नाही, जनावर खत झाड माती सगळं आतल्या आत फिरलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे हा माणूस दारूच्या विरोधात होता, आणि आज त्याचं नाव सगळ्यात जास्त घेतात ते वाईनवाले.

आता ते शिंग. गाईचं शेण शिंगात भरून शरद ऋतूत जमिनीत पुरतात, हिवाळाभर तिथेच, वसंतात उकरून काढतात. याला प्रेपरेशन 500 म्हणतात. 501 मध्ये शेणाऐवजी दळलेला क्वार्ट्झ, तो उन्हाळाभर पुरायचा. 502 ते 507 कंपोस्टमध्ये घालायच्या गोष्टी, यारो नावाच्या रानझाडाची फुलं हरणाच्या मूत्राशयात, कॅमोमाइल गाईच्या आतड्यात, ओकची साल जनावराच्या कवटीत, असं सगळं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पण तोंडावर हात ठेवून हसले होते.

मग एक दिवस ते ढवळायचं काम माझ्याकडे आलं. एकरी नाही, हेक्टरी जेमतेम 100 ग्रॅम शिंगखत आणि तीसेक लिटर कोमट पाणी, आणि ते एक तास ढवळायचं. नुसतं ढवळायचं नाही, काठीने एका दिशेला इतकं फिरवायचं की मध्ये तळापर्यंत भोवरा पडला पाहिजे, तो नीट पडला की लगेच उलट फिरवायचं, भोवरा फुटतो, पाणी खळखळतं, फेस येतो, परत नवा भोवरा. वीस मिनिटांत खांदे भरून आले. तासाने पाणी चहासारखं झालेलं, आणि मग संध्याकाळी झाडूच्या फटकाऱ्याने ते जमिनीवर शिंपडत ओळीओळीने चालायचं, मोठे मोठे थेंब, देवळात तीर्थ शिंपडतात ना तसं. एवढ्याशा शेणाने एक हेक्टर जमीन सुपीक होते यावर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आत्ताही नाही. पण त्या फेरीत मला एका ओळीत ठिबकचा पाईप फुटलेला दिसला, दुसरीकडे तीन वेलींची पानं कडेने पिवळी पडत चाललेली दिसली. ट्रॅक्टरवरून गेले असते तर दिसली नसती.

दर वाढवायचा प्रकार म्हणाल, तर काही ठिकाणी असेलही. पण डिमीटरचा शिक्का (बायोडायनॅमिक मालाचं प्रमाणपत्र, 1928 पासून आहे) मिळवायला एक तुकडा बायोडायनॅमिक करून चालत नाही, अख्खी शेती करावी लागते आणि दहा टक्के जागा रानासाठी, जैवविविधतेसाठी सोडावी लागते. नुसतं लेबलवर चंद्रकोर छापली असेल आणि शिक्का नसेल तर मात्र तुमचा संशय बरोबर आहे.

याला शास्त्रीय आधार काय, एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात नाही जमायचं, तीन घ्या. स्वित्झर्लंडमध्ये थेरविलला 1978 पासून एक मोठा प्रयोग चालू आहे, बायोडायनॅमिक, ऑरगॅनिक आणि नेहमीची शेती शेजारी शेजारी, त्याचे 2002 साली आलेले निकाल सांगतात की सेंद्रिय पद्धतींमध्ये उत्पादन 20 टक्के कमी आलं, पण मातीतलं जीवन चांगलं राहिलं (हे साध्या पिकांवर होतं, द्राक्षांवर नाही). द्राक्षांवर कॅलिफोर्नियात मर्लोच्या बागेत 1996 पासून बघितलं, तिथे ऑरगॅनिक आणि बायोडायनॅमिक यांच्यात पहिल्या सहा वर्षांत मातीच्या गुणवत्तेत फरक सापडला नाही. जर्मनीत गायझेनहाइमलाही साधारण तेच, दोन्ही पद्धतींत वेल नेहमीच्या शेतीपेक्षा कमी वाढतो, कमी घड देतो, पण दोघांचं आपसात फारसं वेगळं निघत नाही.

म्हणजे ऑरगॅनिकला आधार आहे, शिंगाला नाही. माझं मत विचाराल तर मी शिंगाला मानत नाही, शिंगाच्या निमित्ताने जो माणूस बागेत पायी फिरतो त्याला मानते.

आमच्या ग्रुपमधला एकजण मोबाईलवर कॅलेंडर बघून बाटली उघडतो, आज रूट डे आहे म्हणे, वाईन बंद वाटेल. हे खरंय का?

हे कॅलेंडर जर्मनीच्या मारिया थुनचं. चंद्र कुठल्या राशीसमोर आहे त्यावरून दिवसांचे चार प्रकार केले, मूळ, पान, फूल आणि फळ. मुळात ते पेरणीसाठी होतं, नंतर कोणीतरी ते बाटलीलाही लावलं. फळाच्या दिवशी वाईन खुलते आणि मुळाच्या दिवशी तोंड फिरवून बसते, असा दावा.

याची परीक्षा झालेली आहे, आणि तीही नेमकी आपल्याच विषयावर. न्यूझीलंडच्या 12 पिनो न्वार (थंड हवेतल्या रेडची द्राक्षजात) वाईन, 19 अनुभवी वाईन व्यावसायिक, तेच लोक तीच वाईन, फळाच्या दिवशी आणि मुळाच्या दिवशी, कुठली वाईन ते न सांगता. 2017 मध्ये निकाल छापून आला, काही फरक नाही. तुमच्या मित्राला हे सांगा, पण मला वाटतं त्याला फरक लागतोच असणार, कारण बाटली उघडायच्या आधी त्याने मोबाईल बघितलेला असतो. त्याचा मोबाईल एकदा तुमच्याकडे ठेवा आणि उलटा दिवस सांगा, मग बघा मजा.

बाटली उघडली तर रंग एकदम फिका, ग्लासमधून पलीकडची बोटं दिसत होती. पाणी घातलंय का? रेड वाईन अशी असते?

नाही हो, पाणी नाही. हा प्रश्न चार जणांनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर सांगते.

थंड हवेतली रेड म्हटलं की बहुतेक वेळा ती पिनो न्वार असते. या जातीची साल पातळ, आणि सालीत रंगद्रव्य मुळातच कमी. शिवाय कॅबरने वगैरेंमध्ये रंगाचा जो टिकाऊ प्रकार असतो तो पिनोमध्ये जवळजवळ नसतोच. त्यामुळे कितीही चांगली पिकवा, ती माणकासारखी लाल होणार, शाईसारखी नाही. दोन-चार वर्षांनी कडेला विटकरी झाक येते ती पण नॉर्मल. रंग कमी म्हणजे चव कमी असं अजिबात नाही, उलट पिनो न्वार गडद काळी दिसली तर मला संशय येतो की हे झालं कसं.

द्राक्षाचा रस कुठलाही घ्या, बहुतेक जातींचा पांढुरकाच असतो, रंग सगळा सालीचा. म्हणून रेड वाईन सालीसकट आंबवतात. टाकीत आंबायला लागलं की गॅसमुळे सालं वर येऊन जाड टोपी धरतात, ती दिवसातून एक-दोनदा खाली दाबायची. आमच्या इथे ते हाताने, लाकडी दांड्याला लावलेल्या चकतीने चालायचं. सकाळी टोपीवर दांडा टेकवला की आधी हलतच नाही, सगळं वजन टाकलं की एकदम फस्स करून आत जातो आणि खालून गरम, जांभळा, नाकात झोंबणारा वाफारा येतो (तोंड बाजूला ठेवायचं, तो कार्बन डायऑक्साइड असतो, वाकून हुंगायला जाऊ नका, माणसं बेशुद्ध पडतात). पिनोला हे फार केलं की ती कडू तुरट होते, म्हणून हात हलका ठेवतात, आणि हात हलका ठेवला की रंगही हलकाच येतो.

थंडीत द्राक्ष पिकतच नाहीत ना नीट, मग मुद्दाम थंड जागी बाग लावायची कशाला?

काठावर पिकावीत म्हणून. ज्या जातीला जेवढी ऊब लागते त्याच्या अगदी शेवटच्या काठावर बाग असेल तर द्राक्ष सावकाश पिकतं, साखर हळूहळू चढते आणि तोवर वास तयार व्हायला वेळ मिळतो. गरम जागी साखर धावत सुटते, वास मागे राहतो, आणि आंबटपणा तर रात्रीच्या उकाड्यात जळूनच जातो, विशेषतः मॅलिक आम्ल. वाढीच्या सात महिन्यांचं सरासरी तापमान 13 ते 15 अंश असलं की थंड प्रदेश म्हणतात, आणि पिनोला साधारण 14 ते 16 लागतं. फ्रान्समधलं बर्गंडी हे याचं माहेरघर, साधारण 47 अंश उत्तरेला. सेंट्रल ओटागो 45 अंश दक्षिणेला, तिथे दिवसा ऊन चटके देतं आणि रात्री स्वेटर काढवत नाही. ऑस्ट्रेलियात टास्मानिया.

थंडीमुळे इतर जातींचेही स्वभाव बदलतात. शिराझला थंड जागी काळ्या मिरीचा वास येतो तो उगाच नाही, 2008 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी तो रेणू शोधला, रोटंडोन, आणि तो खरोखरच मिरीतलाच निघाला. यातली मेख अशी की पाचातल्या एकाला तो वास येतच नाही, त्यामुळे नवरा-बायकोची एकाच ग्लासवरून भांडणं होऊ शकतात, आणि दोघंही बरोबर असतात.

पण काठावर राहायची किंमत पण आहे. वसंतात कोवळे कोंब फुटलेले असतात आणि रात्री पारा शून्याखाली एक-दोन अंश जरी गेला तरी वर्षाचं पीक सकाळपर्यंत काळं. एका रात्री दोन वाजता अलार्म वाजला आणि आम्ही सगळे बूट न बांधता धावलो, तर उपाय काय, वेलींवर पाणी सोडायचं. मला वाटलं वेड लागलंय यांना, गोठतंय म्हणून पाणी? पण पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि सतत पाणी पडत राहिलं तर कोंब बर्फाच्या आत शून्यालाच थांबतो, त्याखाली जात नाही. मध्येच पंप बंद पडला तर मात्र संपलं. उजाडलं तेव्हा टॉर्च बंद करून बघितलं, प्रत्येक कोंबाभोवती काचेसारखा बर्फ, आत हिरवं पान अगदी ताजं, शिरा मोजता येतील इतकं स्पष्ट, आणि तारांवरून बर्फाच्या सुळ्या लटकलेल्या. त्या रात्री शिंग, चंद्र, कोणाला काही आठवलं नाही, सगळे फक्त पंपाचा आवाज ऐकत होते.

नाव देऊ नका. मी एक बायोडायनॅमिक रेड उघडली तर सरळ गोठ्याचा वास आला. शिंगातलं शेण बाटलीत आलं का?

हसू नका कोणी, प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर नाही. एक तर शिंगातलं शेण सहा महिन्यांनी शेण राहतच नाही, शिंग आपटलं की काळी, ओलसर, रानातल्या मातीच्या वासाची ढेप निघते. दुसरं, ते जमिनीवर शिंपडतात, घडांवर नाही.

तुम्हाला आला तो वास ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा, लाडाने ब्रेट. हे लाकडी पिंपांच्या फटींत राहतं आणि घोड्याचा घाम, गोठा, बँडेज असले वास तयार करतं. सल्फर (वाईन टिकावी म्हणून घालतात ते सल्फाइट) कमी वापरलं आणि पिंपं नीट स्वच्छ नसली की याचं फावतं, आणि बायोडायनॅमिकवाले सल्फर कमी वापरतात, म्हणून तुमच्या नशिबी आलं. थोडासा ब्रेट काहींना आवडतो, चामड्यासारखा म्हणतात. मी पण एकदा हौसेने महागाची बाटली आणली होती, तिचा वास एवढा होता की खिडक्या उघडाव्या लागल्या, आणि विकणाऱ्याने मला ऐकवलं की हाच तर तिथल्या मातीचा गुण. मातीचा नाही, पिंपाचा. असलं कोणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नका, बाटली परत करा.

माझी स्वतःची द्राक्षबाग आहे. पाऊस झाला की डाऊनी (केवडा, बुरशीचा रोग) येतो, हे लोक काय शिंग दाखवून पळवतात?

दादा, तुमच्या पत्राची मी वाटच बघत होते. नाही, ते मोरचूदच मारतात. मोरचूद आणि चुना, तुमचं आमचं बोर्डो मिश्रण, 1885 च्या आसपास फ्रान्समध्येच निघालेलं. भुरीला गंधक. वर हॉर्सटेल नावाच्या वनस्पतीचा काढा वगैरे असतो, तो 508, पण भर पावसात नुसत्या काढ्याच्या भरवशावर बसलेला मी तरी बघितला नाही.

आणि मोरचुदातलं तांबं मातीत साठतं, निघून जात नाही, गांडुळांना त्रास होतो, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून युरोपात 2019 पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलो अशी मर्यादा आहे. डिमीटरवाले 3 वर थांबतात. ओल्या वर्षात तेवढ्यात भागवणं अवघड जातं आणि काही जण त्या वर्षी शिक्का सोडून बाग वाचवतात, मला त्यात काही चूक वाटत नाही. सेंट्रल ओटागोत बायोडायनॅमिकवाले एवढे दिसतात त्याचं मोठं कारण तिथे पाऊसच कमी आहे, हे मात्र ब्रोशरमध्ये कोणी छापत नाही. बर्गंडीत पाऊस असतो, तरी तिथल्या नामवंत वाईनघरांपैकी लालू बिझ-लरुआ यांच्या डोमेन लरुआने 1988 पासून ही पद्धत धरली आणि डोमेन द ला रोमाने-कोंतीने 2007 पासून सगळ्या बागा यात आणल्या. पण त्यांच्या वाईनला जो भाव मिळतो तो तुम्हाला-मला मिळत नाही, थोडं पीक गेलं तरी त्यांना चालतं.

सल्फाइट कमी म्हणजे डोकं दुखणार नाही, असं सेल्समन म्हणाला.

सेल्समनला विचारा, मग व्हाइट वाईनने जास्त का नाही दुखत. युरोपात ड्राय रेडला लिटरला 150 मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालतं, व्हाइटला 200. ऑरगॅनिक रेडला 100, डिमीटरची हद्द आणखी खाली. पण शून्य कुठेच नसतं, आंबताना यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं. दमेकऱ्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, तो वेगळा विषय. डोकेदुखीसाठी 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी क्वेर्सेटिनवर बोट ठेवलंय, द्राक्षाला ऊन जास्त लागलं की हे सालीत वाढतं आणि शरीरात दारू पचायच्या वाटेत आडवं येतं असा अंदाज आहे, माणसांवर अजून सिद्ध व्हायचंय. तोवर ज्या वाईनने डोकं दुखतं ती पिऊ नका, आणि बायोडायनॅमिक म्हणजे तब्येतीला चांगली असं तर अजिबातच समजू नका, दारू ती दारूच.

ही वाईन शाकाहारी म्हणायची का?

बाटलीत बघाल तर बऱ्याचदा हो, कारण असल्या वाईन पुष्कळदा न निवळताच भरतात. नेहमीच्या रेडमध्ये तुरटपणा कमी करायला अंड्याचा पांढरा बलक वापरतात, तो इथेही वापरला जाऊ शकतो, लेबल बघा. पण शेतात शिंग, आतडं, मूत्राशय वापरलेलं असतं. ते तुम्हाला चालतं का हे तुम्ही ठरवायचं, मी कोण सांगणार.

तळाशी गाळ होता, आणि बुचाला काचेसारखे खडे. पुस्तकात रूम टेम्परेचरला प्या लिहिलंय. काय करू?

गाळ म्हणजे न गाळलेल्या वाईनचा साका, खडे म्हणजे टार्टरिक आम्लाचे क्षार, थंड हवेतल्या आंबटसर वाईनमध्ये हमखास दिसतात, दोन्हीने काही होत नाही. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा आणि शेवटचा बोटभर भाग ओतू नका.

रूम टेम्परेचरचं म्हणाल तर ते पंखे-हीटर नसलेल्या जुन्या दगडी घरांतलं रूम टेम्परेचर. पिनोला 14 ते 16 अंश बास. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, काढा, मोठ्या पोटाच्या ग्लासात थोडीशीच ओता. पहिला घोट जरा मुका वाटेल, घाई करू नका, ग्लास तळव्यात धरून दहा मिनिटं गप्पा मारा आणि मग परत हुंगा. उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये, दोन दिवसांत संपवा, तिसऱ्या दिवशी तिच्यात राम राहत नाही.

(पुढच्या अंकासाठी स्क्रू कॅप चांगली की बूच यावर पत्रं आलीच आहेत, आणखी पाठवू नका, आहेत तीच वाचून होईनात.)